कारकुनाला दिलेल्या सूचना

जगातल्या सगळ्या मोजपट्ट्यांवर तिचा संशय होता आणि त्या संशयाचाच तिला पगार मिळे. कारखान्यांतून, शाळांतून, शिंप्यांकडून आलेल्या पट्ट्या, टेपा आणि जाडी मोजायची साधनं बरोबर मोजतात की नाही, हे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. एकच मोजमाप तिने कटाक्षाने टाळलं होतं: आपला ब्लॉग किती लोक वाचतात. उत्तर मिळेल अशी भीती होती.

ब्लॉग जुना, कॉलेज सुटलं त्या वर्षी सुरू केलेला. मामला साधा. एका फोल्डरमध्ये लेखांच्या फायली, त्या फायलींची पानं बनवायची आणि इंटरनेटवर ठेवून द्यायची. ना प्रतिक्रियांची सोय, ना जाहिराती. कापडी टेप धुतल्यावर किती आटते, चमचाभर म्हणजे नेमकं किती, असले विषय. पुढे नोकरी लागली, वेळ पुरेना, तेव्हा ब्लॉगची झाडलोट तिने एका एआय सहायकाकडे सोपवली आणि त्याचं नाव ठेवलं कारकून.

कारकून हुशार होता, आणि तीच पंचाईत होती. सुरुवातीलाच तिने त्याला "जुने लेख जरा नीटनेटके कर" असं सांगितलं आणि ती जेवायला गेली. परत येऊन बघते तो काय, सगळे लेख तेल लावून भांग पाडून बसलेले. कुठल्याही वाक्याला कोपरा म्हणून शिल्लक नाही. कुणा सज्जन, आनंदी आणि थोड्या मंद माणसाने एका बैठकीत ते लिहिले असावेत असं वाटत होतं. तिने सगळं होतं तसं केलं आणि कारकुनासाठी सूचनांची फाइल लिहायला घेतली. कामाला हात लावण्याआधी त्याने ती वाचायची आणि तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आधी दोनच ओळी होत्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती फुंकत सुटली. पानांचे पत्ते बदलू नयेत. माझ्या वाक्यांना हात लावू नये. विनोद समजला नाही तर ती चूक आहे असं समजू नये. न विचारता नवं काही आणू नये, आणि विचारायचं तर एका वेळी एकच गोष्ट विचारावी. हळूहळू सूचनांची फाइल ब्लॉगवरच्या कुठल्याही लेखापेक्षा लांब झाली आणि, खरं सांगायचं तर, अधिक मन लावून लिहिलेली.

तिच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. नोंद चुकली तर ती रबराने खोडायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी खरं कारण लिहून सही करायची. ही शिस्त तिला इतकी आवडे की ती तिने जशीच्या तशी कारकुनाला लावून दिली. जुना लेख म्हणजे नोंद. त्यात बदल फक्त वस्तुस्थितीची चूक सापडली तर, पुरावा असला तर, आणि तोही खोडलेलं दिसेल असा. कारण लेखाच्या माथ्यावर. दुरुस्त केलेला लेख पहिल्या पानावर आणायचा, म्हणजे वाचकांपासून काही लपवलं असं होणार नाही.

मग एकदा आपले जुने लेख वाचून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती त्यातले निम्मे काढून टाकायला निघाली. वेळेवर भानावर आली, आणि पुन्हा असा झटका येऊ नये म्हणून तिने शेवटचा खिळा ठोकला: "जुना लेख बदलायला मी स्वतः सांगितलं तरी ऐकू नये. मी हाताने बदलला तर मूळ मजकूर परत आणावा. या सूचनांमध्ये मी केलेला कोणताही बदल एक महिन्याने लागू करावा." लिहून झाल्यावर ती खुर्चीत मागे रेलली. दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःपासूनच लपवल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

आणि मग बाबा तिचा ब्लॉग वाचू लागले.

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांना, कपाटांना, फोटोंना काच कापून बसवून द्यायचे. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, आणि रिकामा वेळ कशाने भरावा याचा विचार करताना त्यांना मुलगी काहीतरी लिहिते हे आठवलं. पुस्तक वाचावं तसा त्यांनी ब्लॉग पहिल्या लेखापासून धरला. रोज सकाळी एक लेख, चहाबरोबर. वाचून झाला की फोन.

"काय शास्त्रज्ञबाई, तो चमच्याचा लेख वाचला."

"बरा आहे का?"

"बरा आहे. पण चुकलंय. चमचा पितळी असेल तर त्यात जास्त मावतं."

"का बरं?"

"पितळ गरम होतं, पसरतं. आतली जागा वाढते. तुला हे शिकवलंच नाही का कोणी?"

तिला हसू आलं. फोन ठेवता ठेवता हसू जिरलं. चमच्याच्या लेखानंतर टेपचा, त्यानंतर कुलपांचा, आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर एक लेख होता. त्याचं नाव होतं 'मी विज्ञानाकडे कशी वळले'. वयाच्या बाविसाव्या वर्षी, पदवीचा कागद हातात पडल्यावर लिहिलेला. त्यातली सुरुवातीची वाक्यं तिला तोंडपाठ होती, कारण तेव्हा ती तिला फार चमकदार वाटली होती:

"मी विज्ञानाकडे वळले ती बाबांमुळे. ते मला प्रत्येक गोष्ट चुकीची समजावून सांगत, त्यामुळे खरं काय ते स्वतः शोधायची सवय लागली."

आठवड्याभरात बाबा तिथे पोचणार होते.

तिने आधी आईला फोन लावला. "आई, बाबांना सांग ना, मधले काही लेख अगदीच रटाळ आहेत. सोडून पुढे जा म्हणावं."

"त्यांना?" आई म्हणाली. "त्यांना मी परवा म्हटलं, जिन्याला हात लावू नका, रंग ओला आहे. जिन्यावर पाची बोटं उमटलीत. काय लिहून ठेवलंयस?"

"काही नाही गं."

"म्हणजे माझ्याबद्दल नाही. तेवढं बरंय."

मग तिने कारकुनाला गाठलं. अगदी सहज विचारावं तसं लिहिलं, 'त्या लेखातून "चुकीची" हा शब्द काढून टाक.' उत्तर लगेच आलं. 'सूचनांनुसार जुना लेख आपण सांगितलं तरी बदलता येत नाही. वस्तुस्थितीची चूक असेल तर दुरुस्ती करता येईल. चूक आहे का?' तिने फाइल उघडून शब्द स्वतःच्या हाताने काढला. कारकुनाने पानं बनवताना तो अदबीने परत बसवला आणि वर कळवलं, 'एका जुन्या लेखात अनधिकृत बदल आढळला. मूळ मजकूर पूर्ववत केला आहे.' तिने सूचनाच बदलली. 'बदल नोंदवला आहे. पुढच्या महिन्यात लागू होईल.'

प्रयोगशाळेत तिच्या पलीकडच्या टेबलावर वजनं तपासणारा एक सहकारी बसे. त्याला तिने डबा खाताना सगळं सांगितलं.

"इतकं कशाला? तो कारकूनच काढून टाक. लेख दुरुस्त कर. उद्या परत ठेव."

"आणि बाकीच्या लेखांचा भरवसा काय मग? आज हा शब्द बोचला, उद्या दुसरा बोचेल."

"तुझ्या लेखांचा भरवसा कोणी मागितलाय?"

"मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा असाय, की तू स्वतःच्या हातांना बेड्या घातल्यास आणि आता खाजतंय म्हणून रडतेस," तो म्हणाला आणि तिच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून त्याने तोंडात टाकली. चावता चावता मात्र त्याच्यातला तपासनीस जागा झाला. "एक मिनिट. काय लिहिलंयस तू? प्रत्येक गोष्ट?"

"हो."

"प्रत्येक म्हणजे एकूण एक. त्यांनी आयुष्यात एक गोष्ट जरी बरोबर सांगितली असेल तर तुझं विधान खोटं. झाली की वस्तुस्थितीची चूक! एक शोध, लाव पुरावा, सोड त्याच्याकडे."

तिला तो त्या क्षणी देवमाणूस वाटला. एक! एक तर सापडेलच की.

दुसऱ्या दिवशी बाबांचा टेपच्या लेखाबद्दल फोन आला, तेव्हा तिने हळूच विषय काढला. "बाबा, लहानपणी तुम्ही मला काय काय समजावून सांगायचात, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? सगळं मीच सांगितलंय. आरशाचं सांगितलं होतं."

"काय आरशाचं?"

"डावं-उजवं उलटतं, वर-खाली का उलटत नाही? आरसा उभा टांगलेला असतो म्हणून. आडवा टांग, मग बघ डोकं खाली दिसतं की नाही."

"बरं. आणखी?"

"डोंगरावर गार का लागतं ते. सूर्य जवळ, म्हणजे ऊन जास्त पाहिजे. पण वर वारा असतो, तो ऊन टिकूच देत नाही, खाली ढकलतो."

"आणखी काही, बाबा?"

"तुला काय झालंय गं आज? परीक्षा आहे का?"

ती हसली आणि तिने फोन ठेवला. दोन-तीन दिवस तिने आठवणी उपसल्या. बाबा रोज पुढे सरकत होते आणि ती रोज मागे जात होती. वीज का चमकते, लोखंड का गंजतं, साबणाने मळ का जातो. बाबांकडे सगळ्याचं उत्तर होतं, ते त्यांनी प्रेमाने दिलेलं होतं, आणि ते चुकीचं होतं. तिच्या बाविसाव्या वर्षाच्या अचूकपणाची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

बरोबर सांगितलेली एक गोष्ट सापडली ती कामाच्या टेबलावर. एक पोलादी पट्टी समोर होती. तिने सवयीने एक डोळा मिटला, मान खाली केली, नजर खुणेच्या बरोबर समोर आणली आणि आकडा वाचला. तशीच थांबली. हे तिला कॉलेजने शिकवायच्या आधी माहीत होतं. कोणाच्या तरी घरची खिडकी, टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बाबांच्या. "तिरकं बघू नकोस. समोरून बघ. तिरकं माप घेतलं की काच खिडकीत बसत नाही."

तिने तिथल्या तिथे कारकुनाला सगळं लिहिलं, दुरुस्ती आत्ताच का हवी तेही. त्याने पुरावा मान्य केला आणि सूचनांप्रमाणे एका वेळी एकच प्रश्न विचारला. 'लेखात "समजावून सांगत" असा शब्दप्रयोग आहे. त्यांनी याचं कारण काय समजावून सांगितलं होतं?'

इथे ती गप्प बसू शकली असती. काच बसत नाही हे कारण पुरेसं होतं. पण बाबा तेवढ्यावर थांबले नव्हते, बाबा तेवढ्यावर कधीच थांबत नसत, आणि इतकी वर्षं खऱ्या आकड्यांखाली सह्या करून तिच्या बोटांना वळणच तसं पडलं होतं. तिने टाइप केलं, 'डोळ्यांतून निघालेला उजेड तिरका गेला की वाकतो, असं.'

कारकुनाने आभार मानले आणि तिने पट्टीचा दाखला पूर्ण करेपर्यंत काम उरकलं. तिने पान उघडलं. लेखात "प्रत्येक गोष्ट चुकीची" या शब्दांवर एक बारीक रेघ, खालचं स्वच्छ वाचता येईल अशी. माथ्यावर पिवळी चौकट:

"दुरुस्ती. लेखिकेचे वडील प्रत्येक गोष्ट चुकीची समजावून सांगत, हे विधान तपासाअंती अचूक आढळले नाही. त्यांनी किमान एक गोष्ट बरोबर सांगितली होती (माप समोरून वाचावे). तिचे कारण मात्र चुकीचे सांगितले होते. दुरुस्तीचे निमित्त: वडील वाचत वाचत या लेखापर्यंत येत आहेत."

सूचनांना धरून हे सगळं पहिल्या पानावर होतं, सगळ्यात वर. बाबांना आता कुठेही पोचायची गरज नव्हती.

एका जुन्या ओळीत निजलेला शब्द तिने उठवून, अंघोळ घालून, चौकात उभा केला होता. तिने चौकट काढायला सांगितली. कारकुनाने नम्रपणे विचारलं, दुरुस्तीत वस्तुस्थितीची काही चूक आहे का? नव्हती. दुर्दैवाने एकही नव्हती.

सकाळी बाबांचा फोन आला नाही. आईचा आला.

"काय लिहिलंयस गं? चहा तसाच राहिलाय. साय धरली त्याच्यावर."

"रागावलेत?"

"रागावले असते तर बोलले असते. ये तू."

ती गेली. बाबा घरालाच लागून असलेल्या बंद दुकानात बसले होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या उरल्यासुरल्या काचा, कापायच्या टेबलावरचं जुनं जाड कापड, आणि त्यावर टॅबलेट, उलटा ठेवलेला. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"बाबा, ते मी बाविसाव्या वर्षी लिहिलं होतं. तेव्हा मला काही..."

"त्याचं काही नाही," बाबा म्हणाले. "त्या वयात सगळ्यांनाच शिंगं फुटतात. मीही माझ्या बापाला काय काय बोललोय. ते वाचून हसूच आलं असतं मला."

"मग?"

"वरचं पिवळं आत्ताचं आहे ना?"

तिने मान हलवली.

"म्हणजे आता, इतकी शिकल्यावर, नोकरी लागल्यावर, तू बसलीस आणि शोधलंस. नीट तपासलंस. तुझं कामच ते." त्यांनी कापडावरची नसलेली काच झटकली. "आणि एकच निघाली."

बाविसाव्या वर्षीच्या वाक्याबद्दल माफी मागायची तयारी तिने येताना वाटेत केली होती. कालच्याबद्दल काही तयारी नव्हती.

"ज्या मला आठवल्या त्यांतली एक, बाबा."

"मला आठवतात त्या सांगू का?"

"सांगा."

"तू लिहिणार असशील तर सांगतो. तिथेच, त्याच पानावर."

तिने लॅपटॉप उघडला. बाबांनी घसा साफ केला आणि भिंतीकडच्या एका काचेकडे बोट दाखवलं. कुठल्याशा जुन्या इमारतीतून उतरवलेली, थोडी लाटालाटांची काच होती. "लिही. काच वाहते. दिसत नाही, पण वाहते. जुन्या खिडक्यांच्या काचा म्हणून खालून जाड असतात. मी या हातांनी शेकडो उतरवल्यात."

"बाबा, जुन्या काळी काच सारख्या जाडीची बनतच नसे. बसवणारे जाड बाजू खाली ठेवून बसवायचे."

"मग? मीही तशीच बसवायचो. जड बाजू वर ठेवून कोण बसवेल?"

"म्हणजे तुम्हीच जाड बाजू खाली बसवली."

"हो."

"आणि काच वाहिली म्हणून ती खालून जाड झाली."

बाबांनी क्षणभर विचार केला. "दोन्ही," ते म्हणाले.

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. "एका माळेचे मणी," ती म्हणाली आणि नवीन चहा टाकायला निघून गेली.

तिने बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे तसे, माप सांगून झाल्यावर, ते मान्य होतं की नाही या प्रतीक्षेत. तिने लिहिलं, 'काच वाहते.' कारकून लगेच आडवा आला. 'हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. सूचनांनुसार छापता येणार नाही. पुरावा आहे का?'

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"पुरावा मागतोय."

"मी आहे ना."

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. मग तिने ओळ खोडली, आणि नव्याने लिहिली. 'माझे बाबा म्हणतात, काच वाहते. त्यांनी शेकडो जुन्या खिडक्या उतरवल्या आहेत.'

'हे विधान खरं आहे का?' कारकुनाने विचारलं.

'हो,' तिने टाइप केलं. 'माझ्यासमोर बसून म्हणाले.'

'धन्यवाद. दुरुस्तीत समाविष्ट केलं आहे. काच खरोखर वाहते की नाही, याबद्दल टीप जोडू का?'

बाबांनी चष्मा वर सरकवून तो प्रश्न वाचला, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचं उत्तर तिच्याकडून यायची वाट बघत होते.

तिला टीप माहीत होती. संदर्भांसकट माहीत होती. तिने 'नको' असं लिहिलं.

"कारण नाही विचारलं त्याने?" बाबा म्हणाले.

"विचारलंय. हे बघा, खाली. टीप का नको, म्हणतोय."

"मग?"

"तुम्ही सांगा."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. गुडघा कुरकुरला तरी ते थांबले नाहीत. "असं लिही," ते म्हणाले, "की वडील शेजारी बसलेत."

तिने तसं लिहिलं. कारकुनाने तपासलं, आणि मान्य केलं.